पहिली ड्युएथलॉन: साधे पेडल की क्लीटचे बूट?

५ किमी धाव, २० किमी सायकल, २.५ किमी धाव अशा स्प्रिंट अंतराला पहिल्यांदा उतरताय? साधे पेडलच ठेवा. धावायचे बूट पायातच राहतात. ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे धाव संपवून सायकल घेताना, आधी हेल्मेटचा पट्टा लावायचा, मगच सायकल रॅकवरून काढायची. लेस मात्र आत खोचा, नाहीतर चेनमध्ये अडकते. तोटा एवढाच की बुटाचा मऊ तळ दबतो, थोडा जोर वाया जातो.

क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला लावलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा. त्याने पाय पक्का बसतो. पण बूट दोनदा बदला, क्लीटवर घसरत पळा, आणि थांबताना टाच बाहेर फिरवायला विसरलात की सायकलसकट आडवे! १० किमी धाव, ४० किमी सायकल, ५ किमी धाव अशा मोठ्या अंतराला हा खटाटोप परवडतो, तोही सराव असेल तर. पोटऱ्या दोन्हीकडे सारख्याच भरून येतात. म्हणून सायकलचा शेवटचा किलोमीटर हलक्या गिअरवर, मिनिटाला ९० फेऱ्यांच्या आसपास पेडल मारा.