‘लिफ्टमुळे होतं हो’ म्हणत गळ्यात मारलेले टायर

लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सुटे भाग) बसवलेल्या पिकअपला नवे टायर टाकणार असाल, तर हे आधी वाचा. अशा गाडीमुळे टायरवाल्याला आयती सबब मिळते. स्टिअरिंग थरथरतंय? लिफ्टमुळे. गाडी रस्त्यावर भरकटते? लिफ्टमुळे. गाडी उंच केली की सस्पेंशनची मापं बदलतात हे खरंच असतं, म्हणून आपल्यालाही ते पटतं. मला याच अर्ध्या सत्याच्या आड फसवलं.

मागणी साधी होती. २८५/७० आर १७ मापाचे एलटी (लाइट ट्रक) टायर, लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) ई, चारही एकसारखे. पैसे सगळे आधी घेतले. गाडी उंच म्हणून मजुरी वाढवली, तीही दिली. चाकांचे कोन जुळवून घ्यायचे होते, म्हणून ‘अलाइनमेंट मशीनवर ही गाडी बसेल ना?’ असं मुद्दाम विचारलं, तर ‘रोजचंच काम आहे साहेब!’

गाडी हातात आली ती थरथर घेऊनच. शिवाय वळण संपल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळ यायला हवं, ते येईना. परत गेलो तर टायरही न बघता उत्तर तयार: एवढी उंच गाडी, एवढे मोठे टायर, हे होणारच.

दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी वर घेतल्यावर एकेक प्रकार बाहेर आला. आधी तारीख. टायरच्या बाजूवर डीओटी क्रमांक असतो आणि त्याच्या शेवटचे चार आकडे म्हणजे टायर कधी बनला ते. ३८१९ असेल तर २०१९ सालातला ३८वा आठवडा. गोम अशी की बहुतेक टायरवर हा पूर्ण क्रमांक एकाच बाजूला असतो, दुसऱ्या बाजूला अर्धवट. माझ्या चारही चाकांवर पूर्ण क्रमांकाची बाजू आत होती. त्यातले तीन टायर कित्येक वर्षं कुठल्यातरी गोदामात पडून असलेले निघाले. मी हे विचारल्यावर दुकानदार म्हणाला, ‘पांढरी अक्षरं बाहेर छान दिसतात म्हणून तसे बसवले.’ वा!

चौथा टायर त्याहून धोक्याचा. माप तेच, नक्षी तीच, पण बाकीच्यांवर भारांक १२१ आणि याच्यावर ११६. म्हणजे ते प्रत्येकी १४५० किलो पेलणारे आणि हा १२५० किलोचा. लोड रेंज सी. ई रेंजचे टायर ८० पीएसआयपर्यंत हवा घेतात, सी रेंजच्या टायरची मर्यादा ५०. मागे माल भरून, चारही टायरमध्ये सारखीच हवा मारून निघालो असतो तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो. दुकानातून चाकं बाहेर यायच्या आत चारही टायरवरची पूर्ण अक्षरं स्वतः वाचा. नुसतं माप बघून चालत नाही.

अलाइनमेंटचे पैसे बिलात होते, पण खालच्या आर्मच्या (चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्याच्या) ॲडजस्टमेंट बोल्टवर गंज आणि चिखल जसाच्या तसा होता. पाना लागलेलाच नाही. आधीच्या आणि नंतरच्या मापांचा कागद मागितला तर म्हणे प्रिंटर बंद आहे. लिफ्टने कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो, त्यामुळेच स्टिअरिंग परतत नाही, म्हणजे दुकानदाराचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं. पण तेच जमेल तेवढं ठीक करायला पैसे मोजले होते ना? काही गाड्यांत वरचे आर्म बदलल्याशिवाय कॅस्टर पुरेसा मिळत नाही. प्रामाणिक कारागीर ते तोंडावर सांगतो.

थरथरीचं कारण तर लिफ्ट नव्हतंच. बाहेरून घेतलेल्या रिमचं मधलं भोक हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागापेक्षा) मोठं असेल, तर चाक मध्यावर बसतं ते फक्त नटांमुळे. इथे एकेक नट हवेच्या गनने ओळीने आवळून टाकला होता. नव्या मेकॅनिकने चाक अधांतरी ठेवून नट हाताने समोरासमोर आवळले, मग टॉर्क पान्याने पक्के केले, बॅलन्सिंग नव्याने केलं आणि थरथर गेली. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा तपासून घ्या, हेही त्यानेच सांगितलं.

फोटो आणि बिल पुढे ठेवल्यावर पहिल्या दुकानदाराने सी रेंजचा टायर बदलून दिला. अलाइनमेंटचे पैसे परत द्यायला तो अजून तयार नाही, आणि तीन जुन्या टायरांबद्दल त्याचं म्हणणं एकच: ‘वापरलेले तर नाहीत ना?’