पहिला हंगाम घरी की परदेशी? पीजीटीआय आणि एडीटी, नव्या प्रोच्या नजरेतून

पुतण्या गोल्फमध्ये प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू, झाला त्या दिवशी घरात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन माझ्यासमोर बसला. "काका, इथेच खेळू की बाहेर जाऊ?" मी गोल्फ बेताचाच खेळतो, हिशेब मात्र बरा ठेवतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. पुढचे दोन महिने आम्ही जे चर्चेत घोळवलं ते इथे मांडतोय. तुमच्याही घरात असा मुलगा असेल तर उपयोगी पडेल.

पर्याय दोन. एक म्हणजे आपली प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, सगळे पीजीटीआय म्हणतात ती. २००६ पासून चालू आहे. दुसरा एशियन डेव्हलपमेंट टूर, म्हणजे एडीटी. एशियन टूरने २०१० मध्ये आपल्या खालची पायरी म्हणून ती सुरू केली. मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड, तैवान हा तिचा मुख्य मुलूख. दोन्हीकडे जागतिक क्रमवारीचे गुण मिळतात, त्यामुळे तो मुद्दा बाजूला ठेवू.

सगळे पहिला प्रश्न विचारतात तो बक्षिसाचा, आणि तिथेच फसतात. पीजीटीआयवर अलीकडे एकूण एक कोटी बक्षिसाच्या स्पर्धा बऱ्याच असतात. त्यात विजेत्याला १५ लाख, म्हणजे १५ टक्के. एडीटीवर विजेत्याचा वाटा साडेसतरा टक्के. एक लाख डॉलरची स्पर्धा धरली तर १७,५०० डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरून गुणाकार केला की आकडा पुन्हा पंधरा लाखांच्या घरातच येतो. पुतण्या म्हणाला, "म्हणजे सारखंच की!" सारखं नाही. इकडे कोटीतले पंधरा गेले की बाकीच्यांना ८५ लाख उरतात. तिकडे थैलीच, म्हणजे बक्षिसाची एकूण रक्कमच, ८५ लाखांची, त्यातून पंधरा गेले की उरले ७०. पहिल्याच वर्षी तू जिंकणार असशील तर दोन्हीकडे तितकेच पैसे. तिसावा-चाळिसावा येणार असशील, आणि पहिल्या वर्षी बहुतेक जण तिथेच येतात, तर घरचं ताट जास्त भरलेलं आहे. वर खर्च रुपयात.

खर्चाचं बोलायचं तर कटपासून, म्हणजे अर्ध्यावरच्या चाळणीपासून, सुरुवात करायला हवी. पीजीटीआयवर साधारण सव्वाशे जण खेळायला उतरतात. ३६ होल झाले की पहिले ५० आणि त्यांच्या बरोबरीचे पुढे जातात, बाकीचे बॅग आवरतात. त्यांना छदामही मिळत नाही. म्हणजे निम्म्याहून जास्त मैदान दर आठवड्याला पदरचे पैसे घालून घरी जातं. पुण्याहून अहमदाबादला जाऊन कट हुकला तर रेल्वेचं तिकीट, लॉजची खोली आणि बॅग उचलणाऱ्या कॅडीचे पैसे गेले. वाईट वाटतं, पण सोसतं. क्वालालंपूरला जाऊन कट हुकला तर? परतीचं तिकीट रविवारचं काढलेलं असतं. मग दोन दिवस सरावाच्या नावाखाली हॉटेलचं भाडं भरत बसायचं, नाहीतर तिकीट बदलायला पैसे मोजायचे. एडीटीवर लागोपाठ तीन कट हुकले की मुलगा खेळण्याऐवजी मनात बेरजा करायला लागतो, आणि चार फुटांवरून चेंडू भोकात ढकलायचा शॉट बेरजा करत मारता येत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. पीजीटीआयच्या बऱ्याच स्पर्धा मंगळवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतात. शनिवार-रविवार क्लबच्या सभासदांचा, त्यांना कोर्स मोकळा हवा. खेळाडूच्या सोयीने पाहिलं तर हे झकास आहे. शनिवारी घरी, आईच्या हातचं जेवण, रविवारी पुढच्या गावी. विमानाने जायचं असेल तर देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलो सामान फुकट. १४ क्लब, बूट, चेंडू आणि छत्री भरली की बॅगच तेवढी होते. कपडे पाठीवर.

खेळाच्या दृष्टीने मात्र मला एडीटीची बाजू उजवी वाटते. आपल्याकडचे कोर्स सुंदर आहेत, पण बरेचसे जुने आणि अरुंद. दिल्ली गोल्फ क्लबवर दोन्ही बाजूंना इतकी झुडपं आहेत की शहाणा खेळाडू ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, बाहेरच काढत नाही. रॉयल कलकत्ता तर १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना क्लब. पुण्यात येरवड्याचा पूना क्लबही झाडांनी आवळलेला. इथे वाढलेला मुलगा चेंडू सरळ ठेवायला आणि ग्रीनभोवती, म्हणजे भोकाजवळच्या गुळगुळीत हिरवळीभोवती, हात चालवायला शिकतो. लांब आणि उंच मारून पाण्यापलीकडे थांबवायचा सराव कमी पडतो. तिकडच्या रिसॉर्ट कोर्सवर तेच लागतं. शिवाय मलेशियात बऱ्याच फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या पट्ट्यांवर, काउ ग्रास असतं, रुंद पात्याचं आणि चरबरीत गवत. आपल्या बर्म्युडा गवतावर शिकलेला वेज, म्हणजे जवळून उंच मारायचा क्लब, त्यात अडकतो. रोज दुपारी आकाश भरून येतं, वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजतो, सगळे आत पळतात, तास-दोन तासांनी पुन्हा तोच शॉट. उत्तर भारतातल्या थंडीत धुक्यामुळे खेळ सुरू करायच्या वेळा पुढे ढकलल्या जातात तेव्हा आपल्या मुलांना थांबायची सवय होते. पण घामाने ओल्या ग्लोव्ह्जनी वाट पाहणं वेगळं.

आता वरच्या टूरवर नेणाऱ्या दाराचा मुद्दा. माझ्या मते निर्णय इथेच होतो.

पीजीटीआयची ऑर्डर ऑफ मेरिट, म्हणजे हंगामाची क्रमवारी, जिंकणाऱ्याला डीपी वर्ल्ड टूरचं, म्हणजे युरोपच्या मुख्य टूरचं कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा परवाना, मिळतं. २०२२ मध्ये मनु गंडास, २०२३ मध्ये ओम प्रकाश चौहान, २०२४ मध्ये वीर अहलावत. दार मोठं आहे, पण आत जातो एकच. एडीटीच्या ऑर्डर ऑफ मेरिटमधले पहिले दहा एशियन टूरवर जातात. युरोपइतकी मोठी झेप नाही, पण एशियन टूरच्या कार्डावर तिच्या इंटरनॅशनल सीरिजच्या मोठ्या स्पर्धांचा रस्ता उघडतो. २०२५ च्या जानेवारीत गुरुग्रामला डीएलएफवर झालेली तशीच एक स्पर्धा २० लाख डॉलरची होती आणि तिथे ब्रायसन डिशॅम्बोसारखा अमेरिकी स्टार खेळायला आला होता. दहा जागांमध्ये आपण येऊ का, हा प्रश्न तरी विचारता येतो. एकुलती एक जागा मिळवायची तर वीस-पंचवीस वेळा जिंकलेल्या माणसांना मागे टाकावं लागतं, आणि तेही त्यांच्याच अंगणात.

पण घरची टूर म्हणजे बंद विहीर नव्हे. पुण्याच्या उदयन मानेकडे बघा. त्याची बहुतेक विजेतेपदं पीजीटीआयवरची. तिथल्याच गुणांवर तो ऑलिंपिकच्या उंबरठ्यापर्यंत गेला. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि उदयन टोकियोला पोहोचला.

मध्येच २०२५ मध्ये इंडियन गोल्फ प्रीमियर लीग आली. दीड कोटीच्या स्पर्धा, पुरुष, स्त्रिया आणि हौशी खेळाडू एकाच मैदानात. बघायला मजा येते. नव्या मुलाने मात्र कुठेही सही करण्याआधी दोन्ही टूरचे, दुसरीकडे खेळण्याच्या परवानगीचे, नियम शब्दन् शब्द वाचावेत. मी वाचायला लावले, तेव्हा तो वैतागला होता.

प्रवेशाचं सांगतो आणि थांबतो. पीजीटीआयची क्यू-स्कूल, म्हणजे पात्रता स्पर्धा, वर्षाच्या सुरुवातीला असते, आधी पूर्वपात्रता, मग अंतिम टप्पा, सगळं देशातच. एशियन टूरच्या क्यू-स्कूलचा अंतिम टप्पा थायलंडमध्ये, ५ फेऱ्या, ९० होल. पहिल्या ३५ आणि बरोबरीच्यांना कार्ड. एडीटीकडे वळणारे बरेच जण तिथूनच आलेले असतात, कार्ड हुकून.

तर माझं मत. अमेरिकेत कॉलेज गोल्फ खेळून आलेला, लांब मारणारा, मागे दोन वर्षांचा पैसा उभा असलेला मुलगा असेल तर त्याने सरळ एडीटीवर जावं, घरी वेळ घालवू नये. सिंगापूरला राहणाऱ्या मराठी मुलाला तर पूल ओलांडला की मलेशियाचं जोहोर. त्याच्यासाठी परदेश हेच घर. पीजीटीआयवर दोन हंगाम पहिल्या पंचविसात आलेल्यानेही आता निघावं, आणखी एक वर्ष थांबून फक्त सवय वाढते. बाकीच्यांनी, म्हणजे पुतण्यासारख्यांनी, पहिलं वर्ष घरीच काढावं. निकष एकच ठेवा: दहापैकी सात कट होत नाहीत तोवर बाहेरच्या हंगामाचं नाव काढायचं नाही.

मात्र एक पळवाट आहे आणि ती वापरलीच पाहिजे. पीजीटीआयचा हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो, पावसाळ्यात थांबतो आणि पाऊस ओसरताना पुन्हा सुरू होऊन डिसेंबरपर्यंत जातो. दुसऱ्या भागात आसाममधल्या दिग्बोईच्या चहाच्या मळ्यांपासून जमशेदपूरच्या टाटा स्टीलच्या शेवटच्या स्पर्धेपर्यंत फिरायचं असतं, आणि जमशेदपूरची थैली मोठी असते, तिथे दमून पोहोचणं परवडत नाही. पण मधले दोन-तीन महिने पुण्याच्या चिखलात सराव करण्यापेक्षा तिकडच्या दोन-तीन स्पर्धांना प्रवेश मिळवावा. कट हुकला तरी चालेल, खर्च शिक्षणाच्या खात्यात टाकायचा. काउ ग्रासवर वेज कसा मारतात ते युट्यूबवर कळत नाही.

पुतण्याने वहीत दोन रकाने आखलेत. डावीकडे अहमदाबाद, कोलकाता, चंदीगड, दिग्बोई, प्रत्येकापुढे खर्चाचा आकडा. उजवा रकाना जवळपास कोरा आहे. तिथे आत्तापर्यंत एकच ओळ लिहिली आहे: पासपोर्ट नूतनीकरणाची फी.