तामियाची टी-५५ए आणि वेदरिंगचं सामान : काय विकत घ्यावं, काय घरीच कालवावं

वेदरिंगच्या, म्हणजे मॉडेल वापरलेलं आणि मळलेलं दिसावं म्हणून करायच्या कामाच्या, सामानात चार गोष्टी पैसे मोजून घेण्यासारख्या आहेत : चांगला प्रायमर (रंगाखालचं अस्तर), पॅनल लाइन वॉश (खाचांत भरायचा पातळ गडद रंग), चिपिंगचं (रंग खरचटल्यासारखा दाखवण्याचं) माध्यम आणि पिगमेंट फिक्सर (सुकी रंगपूड धरून ठेवणारं द्रव). बाकीचं बरंचसं चित्रकलेच्या आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. चिखल तर विकत घेऊच नये. हे ठाम मत आहे आणि त्याची कारणं खाली येतीलच. हा आढावा तामिया कंपनीच्या १:३५ प्रमाणातल्या टी-५५ए या सोव्हिएत रणगाड्याच्या किटच्या (क्रमांक ३५२५७) निमित्ताने आहे, पण सामानाबद्दलचं सगळं इतर कुठल्याही हिरव्या रणगाड्याला लागू पडतं.

आधी किटबद्दल थोडक्यात. जोड उत्तम बसतात, फिलर जवळपास लागत नाही, टरेटचा (वरच्या फिरत्या बुरुजाचा) ओतीव पोत चांगला उतरला आहे. १९७१च्या युद्धातली भारतीय टी-५५ करायची असेल तर एक बदल प्रायमरच्या आधी करून घ्यावा. पाकिस्तानकडच्या चिनी टाइप ५९ दिसायला जवळजवळ सारख्याच होत्या. म्हणून आपल्या रणगाड्यांच्या तोफेवर, नळीच्या मध्याच्या आसपास, ओळखीसाठी एक खोटा फ्यूम एक्स्ट्रॅक्टर (नळीतला धूर बाहेर काढणारा फुगीर भाग) बसवला होता. खरा एक्स्ट्रॅक्टर तोंडापाशी असतो, तो तसाच ठेवायचा. खोट्यासाठी नळी आत घट्ट बसेल असा प्लास्टिक ट्यूबचा तुकडा पुरतो. दोन्ही कडा सॅंडपेपरने उतरत्या केल्या की झालं. किट ‘ए’ आवृत्तीचं आहे आणि हॅचभोवतीचे (आत उतरायच्या झाकणांभोवतीचे) जाड कडे ही तिची खूण, तेव्हा ज्या गाडीचं मॉडेल करायचं तिचा फोटो या कड्यांपाशी नीट ताडून बघावा.

किटची कमकुवत बाजू म्हणजे मऊ प्लास्टिकचे ट्रॅक. टी-५५ला रिटर्न रोलर (ट्रॅकचा वरचा भाग उचलून धरणारी छोटी चाकं) नाहीत, त्यामुळे ट्रॅकचा वरचा भाग स्वतःच्या वजनाने चाकांवर टेकलेला दिसला पाहिजे. हे ट्रॅक मात्र ताठ राहतात. मधल्या चाकांच्या माथ्यावर सुपरग्लूचा एकेक थेंब द्यायचा, वर फेंडर (ट्रॅकवरचा पत्रा) आणि ट्रॅकच्या फटीत फोमचा तुकडा दाबून बसवायचा आणि रात्रभर तसंच ठेवायचं. पहिल्या आणि दुसऱ्या चाकातलं अंतर इतरांपेक्षा जास्त आहे, ती या गाडीची ओळखच. तिथे झोळ थोडा जास्त दाखवला तर शोभतो.

प्रायमरमध्ये तामियाचा सरफेस प्रायमर पहिल्या पसंतीचा. लॅकर असल्याने तो प्लास्टिकला धरून बसतो आणि पुढे पाण्याने घासताना सोलत नाही. व्हॅलेहोचा पॉलियुरेथेन प्रायमर वासाला सौम्य आहे, घरात मारायला सोयीचा आहे. पण त्याला किमान २४ तास द्यावे लागतात, आणि सॅंडपेपर लावला की तो पापुद्र्यासारखा निघतो. चिपिंग करायचं असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. स्प्रेचे डबे विमानाने पाठवण्यावर निर्बंध असतात, त्यामुळे पार्सलला वेळ लागतो. ज्यांच्याकडे एअरब्रश आहे त्यांनी बाटलीतला प्रायमर घेतलेला बरा.

आता पावसाळ्याचं. जुलैत मुंबई-कोकणात लॅकर किंवा मॅट व्हार्निश मारलं की पृष्ठभाग दुधाळ पांढरा पडतो. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ ओल्या थरावर उतरते. उपाय दोन. एक तर मिस्टर कलर लेव्हलिंग थिनर वापरावा. त्यात रिटार्डर असल्याने थर सावकाश सुकतो आणि वाफ अडकत नाही. दुसरा उपाय म्हणजे कोरड्या दिवसाची वाट बघणं. पांढरं पडलेलं असेल तर कोरड्या हवेत याच थिनरचा अगदी हलका फवारा दिल्यावर ते बहुतेक वेळा निवळतं. कॉम्प्रेसरच्या मॉइश्चर ट्रॅपमधलं पाणी या दिवसांत मधूनमधून काढावं लागतं, नाहीतर ऐन फवारणीत नोझलमधून पाण्याचा थेंब येतो आणि हिरव्या रंगात गोल डाग पडतो.

मूळ रंगासाठी तामियाचे एक्सएफ अक्रिलिक अजूनही सगळ्यात भरवशाचे. एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅब एकटा मारला तर गाडी अमेरिकन दिसते, कारण त्यात तपकिरी जास्त. दोन भाग एक्सएफ-६२ आणि एक भाग एक्सएफ-५ हिरवा हे मिश्रण डोळ्यांना बरोबर वाटतं. रंग एक भाग, थिनर दीड भाग, ०.३ मिमी सुई, दाब १५ ते १८ पीएसआय. दुसऱ्या फेरीत त्याच मिश्रणात एक्सएफ-५७ बफचे चार-पाच थेंब घालून फक्त वरच्या आडव्या पत्र्यांवर, प्रत्येक पत्र्याच्या मध्यावर, धुकं पसरल्यासारखा थर द्यायचा. उजळवण्यासाठी पांढरा घालू नये, हिरवा रंग खडूसारखा होतो. पुढचे थर सगळंच गडद करत नेतात, म्हणून या टप्प्यावर गाडी हवी त्यापेक्षा फिकी दिसली तर घाबरू नये.

चिपिंगसाठी एके इंटरॅक्टिव्हचं वर्न इफेक्ट्स आणि हेवी चिपिंग अशा दोन बाटल्या येतात. या कामाला पहिली पुरे. हेवी चिपिंगने रंगाचे एवढे मोठे पापुद्रे निघतात की गाडी भंगारात पडलेली वाटते. प्रमाणाचा हिशेब सतत डोक्यात हवा : मॉडेलवरचा १ मिमीचा चरा म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटीमीटरचा. युद्धात चालती असलेली गाडी हॅचच्या कडांना, फेंडरच्या टोकांना आणि जवानांचे बूट जिथे पडतात तिथेच खरचटते. तेवढ्यासाठी व्हॅलेहोचा ७०.८२२ जर्मन कॅमोफ्लाज ब्लॅक ब्राउन आणि फोमचा चिमटीएवढा तुकडा बस आहे. फोम रंगात टेकवायचा, कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपायचा, मग कडेला हलकेच लावायचा.

वर्न इफेक्ट्सचा खरा उपयोग धुळीसाठी होतो आणि इथे ते पैसे वसूल करून देतं. हिरव्या रंगावर त्याचे दोन पातळ थर द्यावेत, सुकू द्यावेत, मग एक्सएफ-५७ बफ खूप पातळ करून खालच्या भागावर आणि फेंडरवर मारावा. वीसेक मिनिटांनी कोमट पाण्यात भिजवलेल्या आखूड केसांच्या ब्रशने घासलं की धूळ जिथे हात-पाय लागतात तिथून निघते आणि कोपऱ्यात उरते. यात एकच अट आहे : वरचा बफ एक्स-२०ए ने (तामियाच्या अक्रिलिक थिनरने) किंवा पाण्याने पातळ केलेला हवा. लॅकर थिनर वापरला तर तो थर खालच्या थरात रुततो आणि कितीही घासलं तरी हलत नाही. दुकानातला साधा हेअरस्प्रेही हेच काम करतो, फक्त त्याचा थर कुठे जाड कुठे पातळ पडतो. हात बसलेल्याने हेअरस्प्रे वापरावा, नवशिक्याने बाटली घ्यावी.

तामियाचं पॅनल लाइन अक्सेंट कलर ही या यादीतली सगळ्यात सोपी गोष्ट. ४० मिलीची बाटली, झाकणातच बारीक ब्रश. हिरव्यावर काळा नको, डार्क ब्राउन घ्यावा. त्याआधी एक्स-२२ क्लिअरचा पातळ चकचकीत थर हवा. मॅट रंगावर वॉश टिपकागदासारखा पसरतो आणि डाग पुसता येत नाही. बोल्टच्या मुळाशी ब्रशचं टोक टेकवलं की वॉश आपोआप भोवती फिरतो. वीस ते तीस मिनिटांनी एनॅमल थिनरने ओलसर केलेल्या चपट्या ब्रशने जादाचा काढायचा. इथे बाटली नीट वाचावी : एक्स-२० हा एनॅमल थिनर, एक्स-२०ए हा अक्रिलिकचा. नावात एका अक्षराचा फरक आहे, पण दुसरा चुकून लावला तर वॉशसकट हिरवा रंगही निघून येतो.

याच वॉशचा दुसरा धोका जास्त गंभीर आहे. एनॅमल थिनर उघड्या प्लास्टिकमध्ये शिरतो आणि ताणाखाली असलेला भाग ठिसूळ करतो. सस्पेन्शनचे हात याला सगळ्यात आधी बळी पडतात, कारण हलच्या (रणगाड्याच्या धडाच्या) पोटाशी रंग नीट पोचलेला नसतो आणि वॉश मात्र तिथेच साचतो. दुसऱ्या दिवशी चाक हातात येतं. पोटाकडून प्रायमर आणि रंग पूर्ण द्यावा, वॉश थोडा-थोडा लावावा, साचलेला लगेच टिपावा.

ऑईल कलरसाठी बाहेरच्या महागड्या नळ्यांची गरज नाही. कॅमलचे आर्टिस्ट दर्जाचे रंग उत्तम चालतात. विद्यार्थ्यांसाठीचे मात्र घेऊ नयेत, त्यात रंगद्रव्य कमी आणि भरण जास्त असल्याने पातळ केल्यावर ते फुटक्या दुधासारखे दिसतात. बर्न्ट अंबर, रॉ अंबर, बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि टायटॅनियम व्हाइट या पाच नळ्या पुरेत. रंग पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवायचा. जवसाचं तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि रंग मॅट सुकतो. ही पायरी टाळली की गाडीवर जागोजागी तेलकट चमक राहते. टरेटच्या बाजूंवर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके द्यावेत आणि व्हाइट स्पिरिटने जेमतेम ओला केलेला चपटा ब्रश वरून खाली, पावसाचं पाणी ओघळेल त्या दिशेने ओढावा. ब्रश दर दोन ओढींनंतर पुसायचा. हार्डवेअरच्या दुकानातलं सुटं टर्पेंटाइन ब्रश धुवायला ठीक, मॉडेलवर नको. त्याचा चिकट अंश मागे राहतो.

टी-५५वर या टप्प्याला दोन जागा हमखास बोलतात. एक, डाव्या फेंडरवरचं एक्झॉस्ट : तिथे काजळी आणि तिच्या खाली गंजाची तांबूस छटा. दुसरी, उजव्या फेंडरवरच्या इंधनटाक्या : झाकणाशी सांडलेल्या डिझेलचे गडद, किंचित चमकदार ओघळ. बर्न्ट अंबरमध्ये थोडं ग्लॉस व्हार्निश मिसळून दोन-तीनच ओघळ काढावेत आणि त्यातला एक जुना, धुळीने मळलेला असावा.

अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम बघायला जरूर जावं. वेल्डिंगच्या रेषा, ट्रॅकची जाडी, हॅचच्या बिजागऱ्या तिथे हाताच्या अंतरावर बघायला मिळतात. पण रंगासाठी आणि मळासाठी त्या गाड्या उपयोगाच्या नाहीत, कारण त्या प्रदर्शनासाठी रंगवलेल्या असतात. मळ कसा बसतो ते पाहायचं तर कामावरचा जेसीबी किंवा उसाच्या फडातून बाहेर पडलेला ट्रॅक्टर बघावा.

आता चिखल. व्हॅलेहो, एके आणि इतर कंपन्यांचे तयार चिखल दर्जाने चांगले आहेत, याबद्दल तक्रार नाही. अडचण वेगळी आहे. बाटलीतला ‘युरोपियन’ चिखल चाकांवर आणि डायोरामाच्या (मॉडेलभोवतीच्या देखाव्याच्या) पायावर दुसरीच माती, असं झालं की गाडी त्या जमिनीवरून आलेलीच वाटत नाही, मग रंगकाम कितीही सफाईदार असो. चाकांवरची माती आणि खालची माती एकाच वाटीतली हवी. म्हणून आधी जमीन ठरवावी. पश्चिम आघाडीवरची डिसेंबरमधली पंजाबची गाळाची जमीन फिकी, राखाडीकडे झुकणारी. बंगालमधली भातखाचरं गडद आणि ओली. सह्याद्रीची लाल माती सहज हाताशी असते म्हणून ती तिथे वापरू नये.

कृती अशी : चार चमचे वस्त्रगाळ केलेली कोरडी माती, एक चमचा पीओपी, दोन चमचे अक्रिलिक मॅट मीडियम, सुतळी पिंजून कात्रीने २-३ मिमीचे केलेले तंतू चिमूटभर, आणि रंग जुळवायला पिगमेंट. माती आधी तव्यावर चांगली भाजून घ्यावी, नाहीतर ओल्या हवेत तिच्यावर बुरशी धरते. मलमलमधून गाळणं टाळू नये : अर्ध्या मिलिमीटरचा कण या प्रमाणात पावणेदोन सेंटीमीटरचा खडा होतो. मिश्रण जुन्या ब्रशवर घेऊन काडीने केस मागे ओढून सोडले की चाकांवर खरे शिंतोडे उडतात. टरेट आणि वरचा भाग कागदाने झाकलेला असू द्या. पहिला थर फिका आणि उंचावर, तो सुकल्यावर दुसरा गडद आणि फक्त खालच्या भागात, शेवटी अगदी थोड्या जागी ग्लॉस व्हार्निश. वाळलेला, ओलसर आणि ताजा असे तीन चिखल एकाच चाकावर दिसले पाहिजेत.

पिगमेंट विकत घेतलं तर व्हॅलेहोचं घ्यावं, दळण बारीक आहे. गंजाच्या छटेसाठी गेरू, पिवळसर धुळीसाठी पिवडी वस्त्रगाळ करून सरळ वापरता येते, दोन्ही मातीचेच रंग आहेत. फिक्सर मात्र घरगुती नको. आयसोप्रॉपिल अल्कोहोल खालचं अक्रिलिक विरघळवतं आणि नुसत्या व्हाइट स्पिरिटची पकड कच्ची असते. एकेचा पिगमेंट फिक्सर ब्रशच्या टोकावर घेऊन धुळीच्या ढिगाच्या शेजारी टेकवायचा, तो आपणहून आत झिरपतो. थेंब वरून टाकला की भरतीच्या खुणेसारखं वर्तुळ उमटतं. ओलं असताना रंग गडद दिसतो, सुकल्यावर परत उजळतो, तोवर हात लावू नये. मॅट व्हार्निश पिगमेंटच्या आधी मारायचं. नंतर मारलं तर निम्मी धूळ नाहीशी होते.

ट्रॅकला एक्सएफ-८४ डार्क आयर्न, त्यावर बर्न्ट अंबरचा वॉश आणि वरची चिखलमाती. मग जमिनीला घासणाऱ्या कडांवर ६बी पेन्सिल आडवी फिरवली की घासून उजळलेलं पोलाद मिळतं, वेगळी मेटॅलिक पावडर लागत नाही. आतल्या बाजूला चाकांचं रबर जिथून फिरतं तो पट्टाही असाच उजळवावा.

पायावर बसवताना माती ओली असतानाच गाडी दाबून ट्रॅक दोन-तीन मिलिमीटर आत जाऊ द्यावेत. खरी टी-५५ ३६ टनांची आहे. ट्रॅकच्या खाली फट दिसली की ते वजन कुठेच जाणवत नाही. गाडीच्या मागे ट्रॅकचे ठसे उमटवायला किटमधलाच ट्रॅक, रंगवण्याआधी, क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून वापरावा. ठसे मूळ मातीपेक्षा किंचित गडद ठेवावेत, कारण दबलेल्या मातीत ओल वर येते.