नोव्हेना की रोजची रोझरी?

हट्टाने मागायला प्रभू येशूनेच शिकवलंय: बायबलमधल्या लूक 11 मधला मध्यरात्री दार ठोठावणारा मित्र, लूक 18 मधली न्यायाधीशाची पाठ न सोडणारी विधवा. वसईतल्या ख्रिस्ती घरांत या चिकाटीच्या प्रार्थनेच्या दोन वाटा रुळल्या आहेत.

नोव्हेना म्हणजे एका मागण्यासाठी सलग 9 दिवस केलेली प्रार्थना. तिचं मूळ येशूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र आत्म्याची वाट पाहणाऱ्या प्रेषितांच्या प्रार्थनेत. ऑपरेशन, परीक्षा अशा नेमक्या गरजेला हीच घ्या. मागणं एका वाक्यात, नाव घेऊन मांडा. ‘सगळ्यांचं भलं कर’ म्हणणं म्हणजे मागायचं टाळणंच. एखादा दिवस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात नको, पुढे चालू ठेवा. खरी अडचण दहाव्या दिवशी येते: उत्तर दिसत नाही म्हणून माणूस गप्प होतो. विधवा नेमकी तिथे थांबली नव्हती.

रोझरी म्हणजे माळेचे मणी मोजत म्हणायची प्रार्थना; तिला मुदत नाही. दहा-दहा मण्यांचे 5 भाग, साधारण 20 मिनिटं. पहाटे बोटीकडे निघालेल्या पाचूबंदरच्या कोळ्याला वाटेतही जमते. घाईत मात्र नुसती जीभ चालते, आणि मत्तय 6:7 मधला इशारा त्याच बडबडीबद्दल आहे. तेव्हा एकच भाग म्हणा, पण सावकाश.

घरातलं व्यसन किंवा दुरावलेला मुलगा असेल, तर आमचं मत रोझरीकडे. तिथे 9 दिवस पुरत नाहीत; रोजचे दहा मणी त्या एका नावासाठी राखून ठेवता येतात.