अलॉयच्या नावाखाली ट्यूब: स्पोक चाकं बदलताना होणारी फसवणूक

ट्यूबलेस म्हणून बसवलेल्या अलॉय चाकाच्या व्हॉल्व्हवर आट्यांची धातूची नळी आणि तिच्यावर सैल नट दिसला, तर गाडी पुढे नेऊ नका, आधी टायर उतरवून घ्या. ट्यूबलेसचा नेहमीचा व्हॉल्व्ह जाड रबराचा असतो. तो रिमच्या भोकात आतून ओढून बसवतात आणि बाहेर रबराचा फुगीर कडा दिसतो. धातूचे ट्यूबलेस व्हॉल्व्हही असतात, पण त्यांचा नट रबरी वॉशरवर घट्ट आवळलेला असतो. ट्यूबची नळी मात्र नट सोडला की हवा भरलेली असतानाही भोकात हलते. हा एवढा फरक न कळल्यामुळे क्लासिक धाटणीच्या एका मोटरसायकलचा मालक पुरता फसला. त्या चाकांत जे जे सापडलं ते इथे सविस्तर देतो आहोत, कारण हीच पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरली जाते.

गाडीला मूळची स्पोक चाकं होती. मालकाची अडचण खरी होती. ट्यूबच्या टायरमध्ये खिळा घुसला की हवा निपलांच्या (तारा आवळायच्या छोट्या नटांच्या) आणि व्हॉल्व्हच्या भोकांतून भराभर निघून जाते, आणि पंक्चर काढायला चाक खोलावं लागतं. ट्यूबलेसमध्ये खिळा जागेवर राहिला तर हवा हळूहळू उतरते आणि चाक न काढता बाहेरूनच प्लग मारता येतो. या कारणासाठी अलॉय घेणं अगदी रास्त आहे. विक्रेत्याने सांगितलं की चाकं कंपनीचीच आहेत, फक्त रंग नवा दिला आहे. जुनी स्पोक चाकं हब (चाकाचा मधला भाग) आणि डिस्कसकट बदल्यात घेतली. नवी चाकं टायर चढवूनच समोर आली, आणि ट्यूबलेस असल्याचा पुरावा म्हणून टायरवरचं ‘ट्यूबलेस’ हे अक्षर दाखवलं गेलं.

तो पुरावा नव्हेच. टायरवरचं अक्षर फक्त टायरबद्दल सांगतं. ट्यूबलेस टायर ट्यूब घालून साध्या रिमवरही चढतो. चाक ट्यूबलेस आहे की नाही हे रिमच्या आतल्या आकारावर ठरतं. ट्यूबलेस रिममध्ये टायरची कड जिथे बसते तिथून आतल्या बाजूला गोल फिरणारा बारीक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी कड मधल्या खोलगट भागात घसरू नये, हे त्याचं काम. अशा रिमवर बहुतेक वेळा मापाआधी ‘एमटी’ ही अक्षरं असतात, उदाहरणार्थ एमटी २.१५ × १८. जुन्या पद्धतीच्या ट्यूबच्या रिमवर ‘डब्ल्यूएम’ दिसतं: डब्ल्यूएम२ म्हणजे १.८५ इंच रुंदी, डब्ल्यूएम३ म्हणजे २.१५ इंच.

पहिला खिळा लागला आणि टायर क्षणात बसला. खोलल्यावर आतून ट्यूब निघाली. ट्यूब का घातली होती ते रिम पुसल्यावर दिसलं. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, कडेपासून खोलगट भागापर्यंत, वेल्डिंग करून घासून सपाट केलेला पट्टा होता. पुढच्या चाकावर सुईच्या टोकाएवढी बारीक छिद्रं विखुरलेली होती. मागचं चाक खड्ड्यात आदळून तडकलेलं, पुढचं ओतकामातच सच्छिद्र राहिलेलं. दोन्ही हवा धरत नव्हती, म्हणून ट्यूब. वरून जाड पावडर कोटिंग.

यातलं वेल्डिंग जिवावर बेतणारं आहे. अलॉय चाक ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि थोड्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं ओततात. नुसत्या ओतकामाने त्याला पुरेशी ताकद येत नाही. ओतल्यावर ते पाचशे अंशांच्या पुढे तापवून पाण्यात विझवतात आणि मग दीडशे ते दोनशे अंशांच्या आसपास काही तास ठेवून कठीण करतात. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा ही कमावलेली ताकद गमावतो. पुढची तड बहुधा वेल्डच्या रेषेत न जाता तिच्या शेजारून जाते. चाक पुन्हा पूर्ण उष्णता-प्रक्रियेतून काढलं तर गोष्ट वेगळी, पण ते करताना चाक वाकतं आणि पुन्हा मशीनवर घ्यावं लागतं. दुरुस्त करून विकणारा हे करत नाही. वेल्ड केलेलं अलॉय चाक, विशेषतः पुढचं, वापरूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

रंगाखालची तड शोधायची खात्रीची पद्धत म्हणजे लाल द्रवाची (डाय पेनेट्रंट) चाचणी. संशयित जागेवरचा रंग पूर्ण काढायचा, सॉल्व्हंटने तेलकटपणा पुसायचा, लाल द्रव फवारून दहा ते पंधरा मिनिटं थांबायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं आणि पांढरा डेव्हलपर मारायचा. तड असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. हबपासून निघणारा चाकाचा दांडा रिमला मिळतो ती जागा आणि रिमची आतली कड, तपासणी इथूनच सुरू करावी.

हबमध्ये आणखी एक चलाखी निघाली. बेअरिंग बसतं त्या भिंतीवर सेंटर पंचचे, म्हणजे टोकदार हत्याराचे, ठोके मारलेले होते. बेअरिंगची जागा सैल झाली की ठोक्यांनी धातू वर उचलून बेअरिंग अडकवतात. काही दिवस ते बसल्यासारखं वाटतं, मग उंचवटे दबतात, बेअरिंगची बाहेरची कडी हबमध्ये फिरू लागते आणि चाक लडबडतं. शिवाय दोन बेअरिंगमध्ये अंतर राखणारा नळीसारखा स्पेसर दुसऱ्याच मॉडेलचा, थोडा आखूड होता. स्पेसर आखूड असला की एक्सल (चाकाचा आस) आवळताना दोन्ही बेअरिंगच्या आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, बेअरिंग आडव्या दाबाखाली चालतं आणि तापून जाम होऊ शकतं. याची खूण सोपी आहे. एक्सल सैल असताना चाक मोकळं फिरतं आणि ठरलेल्या टॉर्कला (जोराला) आवळल्यावर जड होतं. ब्रेक आणि चेन बाजूला करून हे पाहा.

एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत चाकावरच्या सेन्सर रिंगचे खाचे मूळ रिंगेइतकेच हवेत, आणि सेन्सर व रिंग यांच्यातली फटही कंपनीने दिलेल्या मर्यादेत हवी. नाहीतर एबीएस चाकाचा वेग चुकीचा धरतं. चाकं बदलल्यावर एबीएसचा दिवा चालू राहिला आणि समोरचा म्हणाला की तो आपोआप जाईल, तर गाडी ताब्यात घेऊ नका. मागच्या हबमधले धक्का शोषणारे डॅम्पर रबरही हाताने स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) हलवून तपासा. ते झिजलेले किंवा गायब असले की गिअर टाकताना झटका बसतो.

आणि बदल्यात दिलेली जुनी चाकं? मालकाच्या लेखी ती भंगार होती. प्रत्यक्षात सरळ हब, शाबूत डिस्क आणि वाकलेली नसलेली मूळ रिम यांना चांगली किंमत येते, कारण क्लासिक गाड्या मूळ रूपात आणणारे त्यांच्याच शोधात असतात. चाकं बदला, पण जुनी घरी ठेवा.

स्पोकवाल्यांची फसवणूक वेगळ्या दाराने होते. ‘तुमच्याच स्पोक चाकाला ट्यूबलेस करून देतो’ असं सांगून निपलांच्या डोक्यांवर सिलिकॉन थापतात. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. त्याने स्टीलची रिम आणि निपल आतून गंजतात, आणि वरून काही दिसत नाही. चांगलं सीलंट वापरलं तरी अडचण उरते. निपल फिरवला की सील फुटतं, म्हणजे सैल झालेली तार आवळायची सोय जाते. आणि ट्यूबच्या रिमला तो बारीक उंचवटा नसेल, तर हवा उतरताच टायरची कड खोलगट भागात पडते आणि उरलेली हवा एका झटक्यात जाते. कारखान्यातून येणारी ट्यूबलेस स्पोक चाकं वेगळ्या रचनेची असतात. त्यांत बहुधा तारा रिमच्या मधोमध न अडकवता हवेच्या पोकळीबाहेर, रिमच्या कडेला अडकवतात. बीएमडब्ल्यूने १९८७ मध्ये आर १०० जीएसला अशी चाकं दिली होती. तुमच्या रिमच्या मधल्या भागातून निपल आत येत असतील, तर ती ट्यूबची रिम आहे असं धरून चाला.

चाक नव्या तारांनी बांधून घेताना स्टेनलेसचे पैसे घेऊन साध्या, मुलामा दिलेल्या तारा घालतात. चुंबक लावून हे ठामपणे ठरत नाही. स्टेनलेस तारही ओढून बारीक करताना थोडी चुंबकीय होते, त्यामुळे हलकी ओढ लागली म्हणून ती नकली ठरत नाही. चुंबक उपयोगी पडतो तो रिमसाठी: ॲल्युमिनियमची म्हणून विकलेली रिम चुंबक धरत असेल तर ती स्टीलची आहे. तारांच्या लांबीकडे जास्त लक्ष द्या. हबच्या दोन बाजूंच्या, आणि आतल्या-बाहेरच्या तारांची लांबी व कोपराचा कोन वेगवेगळा असू शकतो. एकाच मापाच्या तारा सगळीकडे घातल्या की काहींच्या आट्या निपलमध्ये जेमतेम धरतात, आणि काहींची टोकं निपलबाहेर येऊन ट्यूब फाडतात. लांब तार कापून तिच्यावर डायने (आटे कापायच्या हत्याराने) नव्या आट्या पाडणं हा आणखी एक सोपा मार्ग. दाबून रोल केलेल्या आट्यांपेक्षा कापलेल्या आट्या कमकुवत असतात आणि तार तिथेच तुटते. चाक बांधून आलं की पान्याने प्रत्येक तारेवर हलकेच टिचकी मारा. खणखणीत आवाजांमध्ये एखादी बद्द वाजली की ती सैल आहे. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर तारा पुन्हा तपासून आवळाव्याच लागतात, आणि हे काम बांधणाऱ्याकडूनच करून घेण्याचं आधीच ठरवा.

अलॉय हलकंच असतं हे विक्रेत्याचं आवडतं वाक्यही तपासून घ्या. ॲल्युमिनियम रिमचं स्पोक चाक जाड ओतीव चाकापेक्षा हलकं निघू शकतं. दोन्ही उघडी चाकं काट्यावर ठेवली की प्रश्न मिटतो. निवड रस्त्यावरून करा. सतत खड्डे आणि दगड असतील तर स्पोक चाक धक्का सोसतं, वाकलं तर तारा आवळून त्याचा आउट (डुलणं) काढता येतो, एखादी तार तुटली तर तेवढीच बदलता येते. डांबरी रस्ता, लांबचा प्रवास आणि तारा आवळायचा कंटाळा असेल तर अलॉय, पण तडकलेलं अलॉय बदलायचंच, या तयारीने.

खरेदीच्या वेळी एकाच गोष्टीवर अडून बसा: टायर माझ्यासमोर चढवा. उघड्या रिमच्या आतल्या बाजूचा पूर्ण गोल फोटो काढा. हबच्या आसपास किंवा दांड्याच्या मागे ओतकामातले अंक आणि तारखेची गोल खूण बहुधा असते, तिचाही फोटो घ्या. दोन्ही चाकांवर त्या खुणा घासून काढलेल्या असतील तर व्यवहार थांबवा. चाक एक्सलवर फिरवून जवळ स्थिर खूण धरा आणि किती डुलतं ते मोजा. स्पोक चाकाला अनेक मॅन्युअल २ मिलिमीटरपर्यंत मुभा देतात, अलॉयला बऱ्याचदा त्याहून कमी. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा धरा. ट्यूबलेस असेल तर हवा भरून कडेला, व्हॉल्व्हला आणि दांड्यांच्या मुळाशी साबणाचं पाणी लावा आणि बुडबुडे येतात का पाहा. बिलावर ‘ट्यूबलेस, वेल्डिंग न केलेलं, मॉडेल अमुक’ असं लिहून घ्या. नुसतं ‘अलॉय सेट’ लिहिलेलं बिल पुढे उपयोगी पडत नाही.

फसवणूक झालीच असेल तर टायर त्याच विक्रेत्याकडे उतरवू नका. दुसऱ्याकडे, फोटो आणि व्हिडिओ काढत उतरवा. निघालेली ट्यूब, स्पेसर, बेअरिंग सगळं जपून ठेवा, रिमवरचा वेल्डिंगचा पट्टा घासू नका, आणि गाडी त्या चाकांवर चालवत परत नेऊ नका, उचलून न्या.