संवेगाचा ट्रॉली-संच: फोर्स सेन्सर वगळू नये

गिरगावातील आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी, प्रिन्सेस स्ट्रीटवरील वैज्ञानिक उपकरणांच्या एका दुकानातून, संवेग (वस्तुमान गुणिले वेग) आणि आवेग यांचे प्रयोग करण्याचा ट्रॉली-संच घेतला. दीड मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा ट्रॅक, प्रत्येकी 500 ग्रॅम वस्तुमानाच्या दोन ट्रॉल्या, त्यांवर ठेवायची वजने आणि वेळ मोजणारे दोन फोटोगेट मूळ संचात मिळतात. संगणकाला जोडायचा, बल मोजणारा फोर्स सेन्सर मात्र स्वतंत्रपणे विकत घ्यावा लागतो आणि तो महाग असल्यामुळे पुष्कळ शाळा त्याच्याविनाच संच नेतात, असे दुकानदाराने सांगितले. नववीपासून बारावीपर्यंतच्या वर्गांत संच वापरल्यानंतर माझे मत असे आहे की, पैसे वाचवायचेच असतील तर एखादे वजन किंवा एखादा फोटोगेट कमी घ्यावा, पण सेन्सर वगळू नये.

नववीच्या ‘गतीचे नियम’ या पाठातील संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत पडताळण्यासाठी मूळ संच पुरेसा आहे. ट्रॉलीवर 5 सेंटिमीटर रुंदीची पट्टी उभी करतात. ती फोटोगेटमधून 0.125 सेकंदात पार झाली, तर वेग सेकंदाला 0.40 मीटर आला. ही ट्रॉली स्थिर ट्रॉलीवर आदळून वेल्क्रोने तिला चिकटली की दोघींचा मिळून वेग 0.20 असायला हवा आणि आमच्याकडे तो बहुतेक वेळा 0.19 येतो. संवेग जवळपास तितकाच राहतो, गतिज ऊर्जा मात्र निम्म्याहूनही खाली येते. एकाच टक्करीत एक राशी टिकते आणि दुसरी घटते, हे आकड्यांत पाहिल्याशिवाय मुलांना खरे वाटत नाही.

0.20 आणि 0.19 यांमधली तूट घर्षणाची आहे. ती कमी करण्यासाठी ट्रॅकच्या एका टोकाचा स्क्रू किंचित उचलून, ढकललेल्या ट्रॉलीचा वेग दोन्ही फोटोगेटमध्ये सारखा येईपर्यंत उतार जुळवावा लागतो. सोबतच्या माहितीपुस्तिकेत याचा उल्लेखही नाही, ही मोठी उणीव आहे. 1687 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात न्यूटनने दहा फुटी लंबकांच्या टक्करींचे प्रयोग वर्णिले आहेत आणि हवेच्या विरोधामुळे येणारी घट कशी हिशेबात धरली तेही सांगितले आहे, अशी दुरुस्ती हा प्रयोगाचाच भाग असतो आणि विद्यार्थ्यांनी ती स्वतः करावी, असे मला मनापासून वाटते.

संचाचे खरे मोल कळते ते सेन्सर जोडल्यावर. अकरावीत आवेग म्हणजे बल गुणिले काळ, म्हणजेच संवेगातील बदल, असे सूत्र येते आणि मुले ते पाठ करतात. पण टक्कर इतक्या थोड्या वेळात संपते की, त्या अवधीत बल कसे चढले आणि कसे उतरले हे डोळ्यांना दिसणे शक्यच नसते. सेन्सर ट्रॅकच्या टोकाशी घट्ट बसवून त्यावर आधी मऊ स्प्रिंग लावली. ट्रॉली 0.40 च्या वेगाने आली आणि 0.36 च्या वेगाने परतली. दिशा उलटल्यामुळे संवेगातील बदल 0.38 न्यूटन-सेकंद झाला. पडद्यावर बल आणि काळाच्या आलेखात सुमारे 0.20 सेकंद रुंदीची, 3 न्यूटनपर्यंत चढणारी ठेंगणी कमान उमटली. नंतर ताठ स्प्रिंग लावून तोच प्रयोग केला, तेव्हा जेमतेम 0.04 सेकंद टिकणारे आणि 15 न्यूटनपर्यंत जाणारे टोकदार शिखर दिसले. दोन्ही आलेखांखालचे क्षेत्रफळ, म्हणजेच आवेग, मात्र जवळजवळ सारखेच, 0.38 च्या आसपास भरले. एका विद्यार्थिनीने तर दोन्ही आलेख छापून घेऊन त्यांखालचे चौकोन मोजले आणि संगणकाने दिलेल्या उत्तराशी ताडून पाहिले. शेवटी स्प्रिंग काढून मातीचा गोळा लावला, तेव्हा ट्रॉली जागीच थांबली आणि क्षेत्रफळ 0.20 वर आले. परतणाऱ्या वस्तूला थांबणाऱ्या वस्तूपेक्षा अधिक आवेग मिळतो, हे माझ्या तोंडून ऐकताना साशंक दिसणारी मुले हा आलेख पाहून पुढच्या प्रश्नांकडे वळली.

हाच आलेख समोर ठेवून चर्चगेट स्थानकात रुळांच्या टोकाशी असलेल्या बफरविषयी बोलता येते. गाडीचा संवेग शून्यावर आणायचा तर आवेग ठरलेलाच असतो. बफर दाबला जाऊन थांबण्याचा काळ वाढवतो आणि त्यामुळे बल आटोक्यात राहते. 28 जून 2015 रोजी तेथे एक लोकल टोकाचा अडथळा तोडून फलाटावर चढली होती. संवेग बफरच्या आवाक्याबाहेर असला की काय होते, हे त्या घटनेवरून आमच्या विद्यार्थ्यांना नेमके समजते.

सेन्सरच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. सॉफ्टवेअर उघडताच त्यात सेकंदाला 50 नोंदींचे प्रमाण निवडलेले असते. मऊ स्प्रिंगला ते चालते. पण ताठ स्प्रिंगच्या 0.04 सेकंदांत त्यामुळे दोनच बिंदू पडतात, शिखर कापले जाते आणि क्षेत्रफळ चुकीचे येते. हे प्रमाण सेकंदाला 1000 नोंदींवर न्यावे आणि प्रत्येक प्रयोगापूर्वी सेन्सर शून्यावर आणावा.

बांधणी एकंदरीत चांगली असली, तरी मुंबईच्या दमट हवेचा विचार करून ती केलेली दिसत नाही. पावसाळा संपता संपता ट्रॉलीच्या चाकांच्या पोलादी बेअरिंगवर गंज दिसू लागला आणि एक चाक अडखळू लागले. दुकानदाराने विनातक्रार बेअरिंग बदलून दिली, परंतु त्यासाठी बराच काळ वाट पाहावी लागली. घेतानाच स्टेनलेस स्टीलच्या बेअरिंग मिळतात का ते विचारावे आणि संच कपाटात ठेवताना सिलिका जेलच्या पुड्या सोबत ठेवाव्यात. ताठ स्प्रिंग संचात येत नाही. ती वेगळी मागून घ्यावी लागते. ज्या शाळांकडे जुना ट्रॅक आणि सुस्थितीतील ट्रॉल्या आहेत, त्यांनी पूर्ण संच न घेता फक्त सेन्सर, तो ट्रॅकवर बसवायचा कंस आणि दोन्ही स्प्रिंगा घेतल्या तरी चालेल, कारण हा कंस आम्ही आमच्या जुन्या लाकडी ट्रॅकवरही बसवून पाहिला आणि तो न हलता बसला.