न दिसणाऱ्यांची चार पुस्तकं: दिवाळी ते पावसाळा वापरून

पुस्तक संपवल्या संपवल्या लिहिलेलं परीक्षण बहुधा गोडच निघतं. म्हणून ही चार पुस्तकं दिवाळीत घेतली तरी लिहायला आत्ता बसले आहे. मधल्या काळात कुठलं कपाटात गेलं, कुठलं उशाशी राहिलं आणि कुठल्यामुळे घरात वाद झाले, ते आता नक्की सांगता येईल. चारही इंग्रजीतून वाचली. सेंट-एक्झुपेरीचं 'द लिटल प्रिन्स', एच. जी. वेल्सचं 'द इन्व्हिजिबल मॅन', राल्फ एलिसनचं 'इन्व्हिजिबल मॅन' आणि कॅरोलिन क्रियाडो पेरेसचं 'इन्व्हिजिबल विमेन'. ऑनलाइन मागवताना मधल्या दोघांत घोळ होतो, फरक फक्त एका 'द'चा आहे. लेखकाचं नाव टाकून शोधा.

'लिटल प्रिन्स'बद्दल आधी कटू बोलून घेते. कोल्ह्याचं ते सुप्रसिद्ध वाक्य, खरं ते हृदयालाच दिसतं, डोळ्यांना नाही, कपांवर, उशांवर आणि लग्नपत्रिकांवर छापून छापून पार गुळगुळीत झालंय. पुस्तकात तिथवर पोचले तेव्हा काहीच वाटलं नाही. टिकली ती सुरुवातीची चित्रं. अजगराने हत्ती गिळलाय आणि मोठ्यांना ती टोपी दिसते. मेंढीचं एकही चित्र राजपुत्राच्या पसंतीला उतरत नाही, शेवटी वैतागून वाळवंटात अडकलेला वैमानिक नुसतं भोकं पाडलेलं खोकं काढून देतो आणि सांगतो, तुझी मेंढी आत आहे. पोरगं खूश! सहावीतल्या माझ्या लेकीने हे पान इतक्यांदा उघडलं की पुस्तक तिथूनच आपोआप उघडतं.

सेंट-एक्झुपेरी स्वतः वैमानिक. 1935 च्या डिसेंबरात त्याचं विमान लिबियाच्या वाळवंटात कोसळलं होतं, त्यामुळे पुस्तकातली तहान खरी लागते. पुस्तक 1943 मध्ये न्यूयॉर्कला निघालं. 31 जुलै 1944 ला तो कॉर्सिकाहून टेहळणीच्या उड्डाणाला गेला तो परतलाच नाही. 1998 मध्ये मार्सेयजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात त्याचं नाव कोरलेलं ब्रेसलेट आलं आणि 2004 मध्ये समुद्रातले अवशेष त्याच्याच विमानाचे असल्याची खात्री झाली. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे या पुस्तकाच्या स्वस्त आवृत्त्यांचा सुळसुळाट आहे. माझ्याकडे आधी आलेल्या प्रतीत जलरंगातली चित्रं काळीकरडी छापलेली होती, त्यात तो अजगर म्हणजे शाईचा डाग वाटत होता. ती परत केली. हे पुस्तक रंगीतच घ्या, नाहीतर घेऊच नका.

वेल्सचं पुस्तक 1897 चं, दोनेकशे पानांचं, आणि अनपेक्षितपणे विनोदी. गायब होण्याची हौस कुणाला नसते? वेल्स त्या हौसेचा हिशेब मांडत बसतो. नायक ग्रिफिन अदृश्य झाला, पण कपडे अदृश्य नाहीत, म्हणजे ऐन जानेवारीत लंडनमध्ये उघडं फिरायचं. खाल्लेलं अन्न अंगी लागेपर्यंत पोटात तरंगताना दिसतं. चिखलातली पावलं उमटतात, बर्फ अंगावर साचतो, कुत्र्यांना वास येतो, आणि थंडीने शिंका आल्या की संपलंच. लेकीने पहिल्याच बैठकीत विचारलं, "पण मग त्याला स्वतःला कसं दिसतं?" प्रश्न चोख आहे. डोळ्याचा पडदा पारदर्शक झाला तर प्रकाश आरपार जाणार, प्रतिमा पडायची कशावर? या. पेरेलमन या रशियन लेखकाने आपल्या 'मनोरंजक भौतिकशास्त्रा'त हीच हरकत घेतली होती. आपल्याकडे स्वस्तात मिळणारी ती सोव्हिएत पुस्तकं वाचलेल्यांना आठवेल. गंमत म्हणजे वेल्सला याची कुणकुण असावी. ग्रिफिन आधी मांजरावर प्रयोग करतो तेव्हा सगळं मांजर जातं, पण डोळ्यांच्या मागचा चमकणारा भाग काही केल्या जात नाही. शेवटाकडे मात्र नुसती पळापळ आणि मारामारी आहे, तिथे पानं चाळली तरी चालतील.

एलिसन वाचायला सगळ्यात वेळ लागला. पुस्तक 1952 चं, पुढच्या वर्षी त्याला अमेरिकेतला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. जाड आहे, आणि इंग्रजी सोपं नाही: प्रवचनं, रस्त्यावरची बोली, जॅझची लय. निनावी कृष्णवर्णीय नायक पहिल्याच पानावर सांगून टाकतो की मी हाडामांसाचा आहे, लोक मला बघायलाच तयार नाहीत म्हणून मी अदृश्य आहे. वेल्सचं रसायन इथे लागतच नाही. नायक तळघरात राहतो, वीज कंपनीच्या तारेवर आकडा टाकून त्याने 1,369 दिवे लावलेत. हे वाचून हसू येतं, पुढच्या प्रकरणात ते थिजतं. गावातली गोरी प्रतिष्ठित मंडळी काळ्या पोरांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना एकमेकांत झुंजवतात, मग नाणी टाकलेल्या गालिच्यात वीज सोडतात. ती 'सोन्याची' नाणी पुढे जाहिरातीचे पितळी बिल्ले निघतात. याच नायकाने नंतर रक्त गिळत भाषण करायचं असतं, आणि त्याबद्दल त्याला बॅग आणि शिष्यवृत्ती मिळते. हे प्रकरण झाल्यावर मी पुस्तक बरेच दिवस बाजूला ठेवलं. तुम्हीही ठेवा, घाई करून वाचण्यातलं ते नाही.

रंगाच्या कारखान्याचा भाग मात्र मी परत परत वाचला. सरकारी इमारतींसाठी पांढराशुभ्र रंग बनतोय. प्रत्येक डब्यात दहा थेंब काळं द्रव्य टाकायचं आणि ढवळत राहायचं, काळ्याचा मागमूस राहत नाही, आणि म्हणे त्यानेच पांढरा इतका पांढरा होतो. लेखक त्यावर व्याख्यान देत नाही, नायकाला थेंब मोजायला लावतो. बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' याच्या जोडीने वाचली (त्या नावाचा संग्रह 1963 चा). तिथला नायक जात लपवून रेल्वेच्या नोकरीत वावरतो. लपलेला असेपर्यंत त्याला मान आहे, दिसला की मार आहे. एलिसनचा माणूस दिसत नाही म्हणून भोगतो, बागुलांचा दिसतो म्हणून. 1972 मध्ये मुंबईत तरुणांनी संघटनेला 'दलित पँथर' नाव दिलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरूनच, तेव्हा ही जोडी मी ओढूनताणून लावत नाहीये.

आता ज्याने घरात वाद झाले ते. 'इन्व्हिजिबल विमेन' 2019 चं. म्हणणं एवढंच की रस्ते, औषधं, मोटारी, मोबाइल हे सगळं ठरवताना माप पुरुषाचं धरलं, बाईची आकडेवारी गोळाच केली नाही. मुद्दाम नाही, कुणाला सुचलंच नाही. स्वीडनमधल्या कार्लस्कोगा गावात आधी मोठ्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचे, पायवाटांचा नंतर. घसरून हाडं मोडून घेणाऱ्या बहुतेक बायका, कारण पायी जास्त त्याच चालायच्या. मुंबईतल्या शौचालयांचाही विषय आहे, तो आपल्याला वाचायची गरज नाही.

मी पाच फूट एक इंच. क्लचपर्यंत पाय पुरायला सीट पुढे ओढते, मग स्टीअरिंग छातीशी येतं आणि बेल्ट खांद्याऐवजी गळ्यावरून जातो. इतकी वर्षं मला वाटायचं, आपलीच उंची कमी. पुस्तक सांगतं की मोटारींच्या धडक-चाचणीतला नेहमीचा पुतळा 1.77 मीटर उंच आणि 76 किलोचा, आणि अपघातात बाईला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषापेक्षा 47 टक्क्यांनी जास्त. वाचलं त्याच संध्याकाळी खाली जाऊन दाराच्या खांबावरचा बेल्ट वरखाली करायचा खटका शोधला. होता! खाली सरकवल्यावर बेल्ट खांद्यावर आला. पुढे नवी गाडी बघायला गेलो तेव्हा मी विचारलं, चाचणीत ड्रायव्हरच्या जागी बाईच्या मापाचा पुतळा बसवला होता का? विक्रेत्या मुलाने अदबीने सुरक्षेचे तारे दाखवले. नवरा बाहेर येऊन म्हणाला, "पुढच्या वेळी मी एकटाच येतो."

हृदयाचं प्रकरण सगळ्यांनी वाचावं. कोल्हा म्हणतो हृदयाला दिसतं, इथे डॉक्टरांना बाईचं हृदयच दिसत नाही. छाती धरून कोसळणारा पुरुष हे चित्र डोक्यात इतकं पक्कं की मळमळ, धाप, जबड्यातली कळ, न संपणारा थकवा अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईला पित्ताची गोळी मिळते. बर्नाडिन हीली या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी 1991 मध्येच याला 'येंटल सिंड्रोम' म्हटलं होतं. येंटल ही शिकण्यासाठी पुरुषाचा वेष घेणारी गोष्टीतली मुलगी. बाईलाही उपचार मिळवायला आधी पुरुषासारखं दुखावं लागतं.

मात्र एक जोडून सांगते. छातीत दुखणं हे बायकांतही सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण आहे, आणि पुस्तक वाचून तसं वाटत नाही. उन्हाळ्यात थोरल्या जाऊबाईंना जळजळ आणि जबड्यात ठणका सुरू झाला. मी हट्टाने रात्री अकराला दवाखान्यात नेलं. ईसीजी साफ, हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिनही साफ, खरंच पित्त होतं. तेव्हापासून आमरसाची तिसरी वाटी घेतली की त्या मला विचारतात, "काय गं, तुझं पुस्तक काय म्हणतंय?" म्हणू देत. पुन्हा तसं झालं तर पुन्हा नेईन.

पुस्तकाचे दोष आहेतच. आकडे एकावर एक आदळतात, सलग चाळीस पानं वाचली की सगळं सारखंच वाटायला लागतं. पुरावा बराचसा पाश्चात्त्य देशांतला. आणि 'बाई' म्हणजे एकच बाई, असं धरून बरंच पुढे जातं. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी आणि मी एकाच रकान्यात बसत नाही, हे बागुल वाचल्यावर जास्त खुपतं.

कुणाला काय? मुलांना वेल्स आणि रंगीत राजपुत्र. सासूबाई, आई, आत्या यांच्या पिढीसाठी 'इन्व्हिजिबल विमेन'मधलं औषधांचं प्रकरण तोंडी मराठीत सांगा, पुस्तक हातात देऊन उपयोग नाही. एलिसन ज्यांना लांबलचक कादंबऱ्यांची सवय आहे त्यांनीच, आणि छापील प्रत घ्यायची असेल तर मोठ्या टाइपातली बघून घ्या. माझ्या प्रतीतली अक्षरं इतकी बारीक आहेत की रात्री वाचायला चाळिशी लावूनही दिव्याखाली सरकावं लागतं.